प्रतिमानाला बंधने कशासाठी?

शाळेचे वेळापत्रक बनविण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांना 'बंधन' या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको. एका तासाला एक शिक्षक एकाच वर्गावर असू शकतो. प्रयोगशाळा एकच आहे. खेळाचा तास भर उन्हात ठेवायचा नाही. जून उजाडला की या साऱ्या अटी एका कागदावर बसवाव्या लागतात आणि एक तास हलवला की चार तास हलतात.

विमान, कृत्रिम उपग्रह किंवा गावाची पाणीपुरवठा योजना आखणारे अभियंतेही याच जातीचे काम करीत असतात. अनेक भाग एकमेकांवर परिणाम करीत एकत्र काम करतात, तेव्हा त्या समूहाला आपण 'संहती' म्हणतो. संहती प्रत्यक्षात उभी करण्यापूर्वी तिचे प्रतिमान तयार करतात. प्रतिमानात सगळे तपशील नसतात. आपल्या प्रश्नाशी संबंध असलेल्या राशी आणि त्यांच्यातील नाती एवढेच त्यात घेतलेले असते. ही नाती सांगण्याची एक अतिशय सोपी आणि समर्थ रीत म्हणजे बंधने घालणे. प्रतिमान करणाऱ्या आजच्या संगणक प्रणालींमध्ये ही रीत कशी वापरतात आणि ती कोठे दगा देऊ शकते, हे या लेखात पाहू या.

तीन शिक्षक, तीन वर्ग

सुरुवात छोट्या उदाहरणाने करू. आठवी, नववी आणि दहावी असे तीन वर्ग आहेत. गणित, विज्ञान आणि मराठी यांचे प्रत्येकी एक शिक्षक आहेत. तीन तासांचे वेळापत्रक करायचे आहे. म्हणजे एकूण नऊ चौकटी झाल्या. कोणतीही अट नसेल तर प्रत्येक चौकटीत तीनपैकी कोणताही विषय लिहिता येईल. असे करण्याचे प्रकार ३ चा नववा घात, म्हणजे १९,६८३ होतात.

आता दोन बंधने घालू. पहिले : प्रत्येक वर्गाला प्रत्येक विषयाचा एकच तास मिळाला पाहिजे. दुसरे : एका तासाला एक शिक्षक एकाच वर्गावर असेल. एवढ्या दोन वाक्यांनी १९,६८३ पैकी फक्त १२ वेळापत्रके शिल्लक राहतात. तिसरे बंधन घालू : दहावीला पहिला तास गणिताचाच हवा. आता ४ उरली. चौथे : आठवीला प्रयोगशाळा तिसऱ्या तासालाच मोकळी मिळते, म्हणून तेव्हा विज्ञान हवे. आता किती उरतील?

कागद-पेन्सिल घेऊन पाहा. आठवीचा तिसरा तास विज्ञानाचा आहे, म्हणून पहिला तास गणिताचा किंवा मराठीचा असणार. पण पहिल्या तासाला गणिताचे शिक्षक दहावीवर आहेत. तेव्हा आठवीचा पहिला तास मराठीचा आणि दुसरा गणिताचा. दहावीचा तिसरा तास विज्ञानाचा असू शकत नाही, कारण ते शिक्षक आठवीवर आहेत. म्हणून दहावीचा दुसरा तास विज्ञान आणि तिसरा मराठी. नववीला जे उरले ते : विज्ञान, मराठी, गणित. उत्तर एकच राहिले. ते शोधताना आपण एकदाही 'करून बघू, जमले नाही तर खोडू' असे केले नाही.

आता पाचवे बंधन घालून पाहू : मराठीच्या शिक्षकांची एसटी उशिरा पोहोचते, म्हणून पहिला तास त्यांना नको. लगेच अडते. पहिल्या तासाला तीन वर्ग आहेत आणि प्रत्येकावर वेगळा शिक्षक हवा, म्हणून तिघांपैकी कोणालाही पहिला तास चुकवता येणार नाही. या अटींना उत्तरच नाही. 'उत्तर नाही' हेही उपयोगी ज्ञान आहे. अभियंत्याला ते कारखाना उभारण्यापूर्वी कळले, तर केवढा खर्च वाचतो! चांगल्या संगणक प्रणाली याहून पुढे जातात आणि कोणत्या मोजक्या अटी एकमेकींच्या आड येत आहेत तेही दाखवितात. येथे भांडण दुसऱ्या आणि पाचव्या अटींचे आहे. तिसरी आणि चौथी काढून टाकली तरी ते मिटणार नाही.

समीकरणाला दिशा नसते

वेळापत्रकातील बंधने 'हे असेल तर ते नको' अशा स्वरूपाची होती. भौतिक संहतीत बंधने बहुधा समीकरणांच्या रूपात येतात. एका शाळेच्या छतावरील पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून टाकी १२ मीटर उंच आहे. टाकीत १०,००० लिटर पाणी मावते. पंपाला मिळणाऱ्या शक्तीपैकी निम्मी शक्तीच पाणी चढविण्याच्या कामी येते, उरलेली पंपातील आणि नळातील घर्षणात जाते, असे धरू.

एक लिटर पाण्याचे वस्तुमान एक किलोग्रॅम. म्हणून टाकी भरण्यासाठी १०,००० × ९.८ × १२, म्हणजे ११,७६,००० ज्यूल कार्य करावे लागेल. निम्मी ऊर्जा वाया जात असल्याने मोटारीने २३,५२,००० ज्यूल पुरविले पाहिजेत. आपले बंधन एका ओळीत लिहिता येते : मोटारीची शक्ती गुणिले वेळ बरोबर २३,५२,००० ज्यूल.

या एका ओळीचा उपयोग अनेक प्रकारे होतो. मोटार एक अश्वशक्तीची, म्हणजे ७४६ वॉटची असेल तर टाकी किती वेळात भरेल? सुमारे ५३ मिनिटांत. अर्ध्या अश्वशक्तीची असेल तर? सुमारे पाऊणे दोन तासांत. उलट, टाकी तासाभरात भरायची असेल तर किती शक्ती हवी? सुमारे ६५३ वॉट. नाते एकच आहे. कोणती राशी दिलेली आणि कोणती शोधायची, एवढेच बदलले.

संगणकाच्या नेहमीच्या आज्ञावलीत असे होत नाही. तेथे 'वेळ = ऊर्जा भागिले शक्ती' असे लिहिले, तर त्या ओळीतून फक्त वेळ निघतो. शक्ती काढायची तर दुसरी ओळ लिहावी लागते. बंधनांवर आधारलेल्या भाषांत फक्त नाते सांगायचे असते. ते कोणत्या दिशेने सोडवायचे हे संगणक ठरवितो. १९९७ साली पहिली आवृत्ती प्रसिद्ध झालेली 'मॉडेलिका' ही अशीच भाषा आहे. विद्युत मंडले, यंत्रे, उष्णतेचे वहन अशा संहती तीत समीकरणांनी मांडतात. २००७ साली 'सिसएमएल' या आलेखी भाषेची पहिली प्रमाणित आवृत्ती आली. तीत समीकरणासाठी स्वतंत्र चौकट असते. एकदा काढलेली चौकट मोटारीच्या, पंपाच्या किंवा बॅटरीच्या चित्राला हवी तेथे जोडता येते.

आता टाकीला आणखी बंधने घालू. 'वीज सलग ४० मिनिटेच मिळते' आणि 'शाळेला एक अश्वशक्तीपेक्षा मोठी मोटार परवडत नाही.' ४० मिनिटांत भरायचे तर ९८० वॉट, म्हणजे सुमारे १.३ अश्वशक्ती लागते. म्हणजे पुन्हा उत्तर नाही. अटी फार झाल्या की असे होते. उलट अटी फार कमी असल्या तर उत्तरे अगणित मिळतात, आणि त्यांतून निवड कशी करायची ते कळत नाही. दोन अज्ञात राशी आणि एकच समीकरण दिले, की विद्यार्थी जसे गोंधळतात तसेच हे आहे. प्रतिमान करणाऱ्याचे निम्मे कौशल्य अटी किती आणि कोणत्या घालायच्या हे ओळखण्यात असते.

व्यवहारात आणखी एक भेद करावा लागतो. काही बंधने मोडताच येत नाहीत : एक शिक्षक दोन वर्गांवर असू शकत नाही, ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही. काही बंधने इच्छेच्या स्वरूपाची असतात : लागोपाठ चार तास कोणालाही नकोत. पहिल्या प्रकाराला कठोर आणि दुसऱ्याला मृदू बंधने म्हणू. मृदू बंधन मोडले तर संगणक त्याबद्दल ठरावीक 'दंड' मोजतो आणि एकूण दंड कमीत कमी येईल असे उत्तर शोधतो. कोणत्या इच्छेला किती दंड लावायचा हे मात्र माणसालाच सांगावे लागते. तो निर्णय गणिताचा नसतो.

संगणक उत्तर कसे शोधतो?

या कल्पनेचा इतिहास बराच जुना आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली आपल्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' नावाची प्रणाली तयार केली. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा ओढायच्या आणि मग बंधने सांगायची : या दोन रेषा समांतर, या समान लांबीच्या, या एकमेकींना लंब. वेडावाकडा चौकोन पाहता पाहता नीट चौरस होत असे. सदरलँड यांनी पडद्यावर पुलाचा सांगाडा काढून, भार दिल्यावर त्याच्या कोणत्या भागावर किती बल येते, हेही बंधनांच्या साहाय्याने दाखविले होते. यंत्रांचे आराखडे काढणाऱ्या आजच्या प्रणालींचे मूळ तेथवर जाऊन पोहोचते.

उत्तर शोधण्याची पहिली युक्ती आपण वर स्वतःच वापरली. एका चौकटीतले उत्तर निश्चित झाले, की शेजारच्या चौकटीतल्या काही शक्यता बाद होतात. त्यामुळे तिथले उत्तर ठरते, आणि तेथून पुढच्या शक्यता बाद होतात. पाण्यावरच्या तरंगासारखा हा परिणाम पसरत जातो. सुडोकू सोडविणारे हेच करतात. यामुळे अडले तर दुसरी युक्ती : एखाद्या चौकटीत अंदाजाने काहीतरी भरायचे, परिणाम पसरू द्यायचा, विरोध आला की मागे येऊन दुसरा पर्याय घ्यायचा. समीकरणांसाठी आणखी वेगळ्या गणिती रीती आहेत. जवळपासच्या उत्तरापासून सुरुवात करून चूक थोडी थोडी कमी करीत जाणे ही त्यांतली एक.

यावरून 'संगणक कोणतेही वेळापत्रक चुटकीसरशी करील' असे मात्र समजू नये. दहा तुकड्या, आठवड्याचे सहा दिवस आणि रोजचे आठ तास धरले, तर ४८० चौकटी होतात. प्रत्येकीत पंधरा पर्याय असतील, तर भरण्याचे एकूण प्रकार लिहिण्यासाठी ५६५ अंकी संख्या लागेल. एकेक प्रकार तपासणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. १९७६ साली एव्हन, इताई आणि शमीर यांनी दाखवून दिले, की वेळापत्रकाचा प्रश्न गणितातील कुप्रसिद्ध अवघड प्रश्नांच्या गटात मोडतो. अशा प्रश्नांसाठी दर वेळी हमखास आणि झटपट उत्तर देणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. तरीही चांगल्या प्रणाली बहुतेक शाळांची वेळापत्रके करून देतात, याचे श्रेय बंधनांनाच द्यायला हवे. प्रत्येक बंधन शक्यतांच्या जंगलाचा मोठा भाग एका फटक्यात छाटून टाकते.

व्हिनेगरचा आहार

आतापर्यंत आपण लिहिलेल्या बंधनांबद्दल बोललो. खरी मेख आहे ती न लिहिलेल्या बंधनांत. जॉर्ज डँटझिग हे विसाव्या शतकातील नामांकित गणिती. बंधनांच्या चौकटीत सर्वांत फायदेशीर उत्तर शोधण्याची 'सिंप्लेक्स' ही प्रसिद्ध रीत त्यांनी १९४७ साली शोधली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ठरविले, की आपले वजन कमी करण्यासाठी संगणकाकडूनच आहार ठरवून घ्यायचा. पुढे १९९० मध्ये त्यांनी ही हकीकत एका लेखात सांगितली.

पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून त्यांनी अन्नाचे वजन, त्यातील पाण्याचे वजन वगळून, जास्तीत जास्त ठेवायला सांगितले. उष्मांक आणि पोषक द्रव्ये यांच्या अटी घातल्या. संगणकाने दिलेला आहार बराचसा ठीक होता; फक्त त्यात ५०० गॅलन, म्हणजे सुमारे १,९०० लिटर व्हिनेगर होते! माहितीच्या तक्त्यात व्हिनेगरमधील पाणी शून्य धरलेले होते. म्हणून संगणकाच्या हिशेबी ते अगदी 'भरीव' आणि जवळजवळ उष्मांकविरहित अन्न ठरले. डँटझिग यांनी व्हिनेगर यादीतून काढले. पुढच्या वेळी संगणकाने सूपसाठी वापरतात त्या खारट वड्या रोज २०० खायला सांगितल्या. तेव्हा त्यांनी वड्यांना कमाल मर्यादा घातली.

यात संगणकाची चूक नव्हती. त्याने प्रत्येक अट काटेकोर पाळली होती. 'एवढे मीठ माणूस खाऊ शकत नाही' ही अट इतकी उघड आहे, की ती लिहिण्याचे कोणाच्या मनातच येत नाही. माणसाला सांगावे लागत नाही ते संगणकाला सांगावे लागते. आणि उत्तम उत्तर शोधणारी प्रणाली राहून गेलेली फट नेमकी हुडकून काढते, कारण फायदा तेथेच असतो.

कागदावर राहिलेले बंधन

आहारातले व्हिनेगर हसून सोडून देता येते. प्रत्येक वेळी तसे घडत नाही. 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे नासाचे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाकडे निघाले. साडेनऊ महिन्यांच्या प्रवासानंतर, २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते मंगळाच्या मागे गेले आणि पुन्हा त्याचा संदेश आला नाही.

प्रवासात यानाची दिशा सांभाळण्यासाठी लहान इंजिने अधूनमधून चालवावी लागत. दर वेळी यानाला किती आवेग मिळाला याची नोंद पृथ्वीवरची एक आज्ञावली करीत असे. ती नोंद पौंड-सेकंदात होती. मार्ग काढणारी दुसरी आज्ञावली मात्र ती न्यूटन-सेकंद समजून वाचत होती. एक पौंड बल म्हणजे ४.४५ न्यूटन. म्हणजे यानाला मिळालेला प्रत्येक धक्का हिशेबात साडेचार पटींनी लहान धरला जात होता. धक्के किरकोळ होते, पण महिनोन्महिने साठत गेले. मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायला हवे होते ते यान सुमारे ५७ किलोमीटरवर आले. एवढ्या खोल वातावरणात ते टिकणे शक्य नव्हते.

यातला सर्वांत शिकण्यासारखा भाग पुढेच आहे. ही नोंद मेट्रिक एककांतच असावी, असे दोन आज्ञावलींमधील देवघेवीच्या नियमपत्रात स्पष्ट लिहिलेले होते. बंधन होते, पण ते कागदावर होते. आकड्याबरोबर त्याचे एकक प्रवास करीत नव्हते. त्यामुळे ते ताडून पाहण्याची सोय आज्ञावलीत नव्हती. आजच्या प्रतिमान-भाषांत प्रत्येक राशीला तिचे एकक जोडता येते. पौंड-सेकंदाची तार न्यूटन-सेकंदाच्या टोकाला जोडू लागलो, की प्रणाली आपल्याला अडवू शकते. उत्तराला एकक लिहिले नाही म्हणून आपण विद्यार्थ्याचा अर्धा गुण कापतो, तेव्हा ते फार काटेकोर वाटते. एका यानाची किंमत पाहता तो अर्धा गुण स्वस्तच म्हणायचा.

वर्गात करून पाहण्यासारखे

या विषयासाठी संगणक असलाच पाहिजे असे नाही. तीन सोपे उपक्रम सुचवितो.

पहिला : वरचे तीन-तीनचे वेळापत्रक विषयांची नावे लिहिलेल्या नऊ चिठ्ठ्यांनी फळ्यावर लावा. एकेक बंधन सांगत जा आणि प्रत्येक पायरीला किती वेळापत्रके उरली ते विद्यार्थ्यांना मोजू द्या. १२, ४ आणि १ या संख्या त्यांच्या त्यांनी काढल्या, तर बंधनाचे सामर्थ्य वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा : आपल्या शाळेच्या किंवा घराच्या टाकीची मापे घेऊन वरचे गणित करा. टाकी भरायला लागणारा खरा वेळ घड्याळाने मोजा आणि त्यावरून किती टक्के ऊर्जा वाया जाते ते काढा. समीकरण तेच, अज्ञात राशी मात्र नवी.

तिसरा उपक्रम सर्वांत गमतीचा आहे. वर्गाचे दोन गट करा. एका गटाने सहलीसाठी अटी लिहायच्या : खर्च इतका, मुले इतकी, संध्याकाळी परत यायचे. दुसऱ्या गटाने 'आडमुठा संगणक' व्हायचे. म्हणजे प्रत्येक अट अक्षरशः पाळणारी, पण कोणालाही न चालणारी सहल शोधायची. 'दिवसभर बसस्थानकावर बसून परत या' यात कोणती अट मोडली? मग पहिल्या गटाने राहिलेली अट ओळखून लिहायची. असे चार-पाच फेरे झाले, की आपण किती गोष्टी गृहीत धरतो याची मुलांना जाणीव होते.

हाच खेळ आपल्या टाकीबाबत खेळून पाहा. आपण उंची घेतली, शक्ती घेतली, वेळ घेतला, वीज आणि पैसा यांच्या मर्यादाही घातल्या. पण भरलेल्या टाकीतील पाण्याचेच वस्तुमान दहा टन होते, आणि शाळेचे छत तो भार पेलू शकेल का, हे आपण कोठेच लिहिले नाही. आपली सारी समीकरणे अचूक होती. त्या छताखाली वर्ग भरतो ही गोष्ट मात्र त्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हती. ती आठवण ठेवणे आणि बांधकाम अभियंत्याकडून छताची मर्यादा विचारून घेऊन ती प्रतिमानात लिहिणे, हे काम कोणत्याही प्रणालीवर सोपविता येत नाही.